क्रिप्टोच्या नावाने चालणारी लूट : ओळखायची कशी, आणि अडकल्यावर आधी काय करायचं

मंजिरी_नाशिक

मी नाशिकला एका बँकेच्या शाखेत काम करते. क्रिप्टोतलं मला फार खोलातलं कळत नाही, आणि या धाग्यासाठी तुम्हालाही ते कळायची गरज नाही. "हे नवीन तंत्रज्ञान, आपल्याला काय कळणार" या संकोचाचाच हे लोक फायदा घेतात, असं माझं ठाम मत झालंय.

काउंटरवर जे दिसतं ते सांगते. माणूस मुदतठेव मोडायला येतो. मुदत संपायला थोडेच महिने उरलेले असतात, व्याज कापलं जाईल असं सांगितलं तरी "चालेल" म्हणतो. लगेच आरटीजीएसचा फॉर्म मागतो. लाभार्थी म्हणून कुठले तरी ट्रेडर्स नाहीतर एंटरप्रायझेस, शाखा भलत्याच राज्यातली. कारण विचारलं की "मालाचं पेमेंट". निवृत्त माणसाचा कसला आलाय माल? पुढच्या आठवड्यात तोच माणूस परत येतो, रक्कम मोठी असते आणि लाभार्थी तिसराच.

माझ्या मते सगळ्यात सोपी खूण हीच. ॲप किती चकचकीत आहे, ग्रुपमध्ये किती लोक नफ्याचे स्क्रीनशॉट टाकताहेत, "मॅडम" किती आपुलकीने बोलतात, ते सगळं बाजूला ठेवा. पैसे कोणाच्या खात्यात जाताहेत एवढंच बघा. ज्या कंपनीत गुंतवतोय असं तुम्हाला वाटतं, तिच्याच नावाचं खातं आहे का? दर वेळी तेच आहे का? "आज या खात्यात टाका, कालचं लिमिट संपलं" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. ती भाड्याची खाती असतात. कोणा बेरोजगार पोराचं, कोणा बंद पडलेल्या दुकानाचं खातं थोड्या कमिशनवर घेतलेलं असतं. पैसा तिथे काही मिनिटंच थांबतो, मग दहा-वीस खात्यांत फुटतो आणि पुढे यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) होऊन देशाबाहेर जातो.

एक प्रसंग ओळख कळणार नाही अशा बेताने लिहिते. एक निवृत्त शिक्षक आले होते. हातात फोन, त्यावर चॅट उघडं. मी कारण विचारलं की सर फोनमध्ये बघत आणि मग उत्तर देत. जरा वाकून पाहिलं तर समोरून लिहून आलं होतं, "बँकवाले विचारतील, क्रिप्टो शब्द काढू नका, घरदुरुस्ती सांगा." मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला. म्हटलं, सर, तुमच्या ॲपवर ४१ लाख दिसताहेत ना, मग आत्ता माझ्यासमोर त्यातले फक्त दोन लाख तुमच्या खात्यात मागवा. ते आले तर हा फॉर्म मी स्वतः भरून देते. त्यांनी मागणी टाकली. उत्तर आलं की पहिल्या मोठ्या विड्रॉलसाठी खातं "व्हेरिफाय" करायला आधी साडेतीन लाख भरावे लागतील. सरांनी ते दोनदा वाचलं आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. आधी दोन वेळा पाठवलेले पैसे गेलेच होते, तिसरी रक्कम वाचली.

छोटे विड्रॉल हे लोक मुद्दाम देतात हेही लक्षात ठेवा. सुरुवातीला पाच हजार टाकले तर साडेपाच हजार खरंच परत येतात. त्यामुळे "मी काढून बघितले, आले की" हा पुरावा नाही. मोठी रक्कम काढायला गेल्यावर काय होतं, त्यावर सगळं ठरतं.

तुमच्या ओळखीतले, गावातले अनुभव लिहा. कोणाचं नाव नको, पण पद्धत तपशिलात लिहा. त्याचाच उपयोग होईल.

निगडीवासी

चांगला विषय काढलात, मंजिरीताई. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये हे यूएसडीटी वगैरे यायच्या आधीपासूनचं आहे. गेनबिटकॉइन आठवतंय का कोणाला? २०१५ च्या सुमारास सुरू झालं. एक बिटकॉइन द्या, १८ महिने दर महिन्याला १० टक्के बिटकॉइनमध्येच परत, अशी स्कीम. म्हणजे दीड वर्षात एकाचे १.८. शिवाय आपल्या खाली माणसं जोडली की त्याचं वेगळं कमिशन. हॉटेलात मीटिंगा व्हायच्या. आमच्या कंपनीतले चांगले शिकलेले इंजिनियर जायचे आणि आम्हाला वेड्यात काढायचे.

मग एके दिवशी बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं त्यांचं स्वतःचं नाणं द्यायला लागले. त्याची किंमत काही दिवसांत मातीमोल झाली. स्कीमचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये पकडलं, दत्तवाडी आणि निगडीला गुन्हे दाखल होते. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे गोळा झालेल्या बिटकॉइनची २०१७ मधलीच किंमत ६,६०० कोटी रुपये. तो माणूस जानेवारी २०२२ मध्ये वारला. पुढे मार्च २०२२ मध्ये, ज्या दोन सायबर तज्ज्ञांना पोलिसांनी तपासात मदतीला घेतलं होतं, त्यांनाच जप्तीतलं क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. राज्याराज्यांतले सगळे गुन्हे सुप्रीम कोर्टाने सीबीआयकडे दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे पडले, त्यात सुमारे २४ कोटींचं क्रिप्टो मिळालं. ६,६०० कोटींपुढे २४ कोटी. "पोलीस मिळवून देतील नंतर" या भरवशावर कोणी राहू नये म्हणून हे आकडे लिहिले.

मला जास्त त्रास याचा होतो की लोकांनी आपल्याच भावाला, साडूला, ऑफिसातल्या ज्युनियरला यात ओढलं. पैसे बुडाले ते बुडाले, पण कित्येक घरांत अजून बोलणं बंद आहे.

ब्लॉकवाला

मी ब्लॉकचेनवरच (क्रिप्टोचे व्यवहार ज्या सामायिक नोंदवहीत लिहिले जातात त्या तंत्रावर) काम करतो, म्हणून गेनबिटकॉइनबद्दल एक गोष्ट मांडतो. त्या वेळी कोणी शांतपणे पाच मिनिटं हिशोब केला असता तर खोटेपणा तिथेच दिसला असता.

ते सांगत होते की आम्ही चीनमध्ये मायनिंग करतो, म्हणजे मशीनं लावून नवी बिटकॉइन काढतो, त्यातून १० टक्के देतो. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, निघतो आणि तो काढणाऱ्याला ठरलेली बिटकॉइन मिळतात. जगभर मशीनं वाढली की दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काम आपोआप अवघड होतं. त्यामुळे आज घेतलेलं मशीन सहा महिन्यांनी आजच्याइतकी बिटकॉइन काढू शकत नाही. शिवाय जुलै २०१६ मध्ये प्रत्येक ब्लॉकचं बक्षीस २५ वरून १२.५ वर आलं, आणि ही तारीख साधारण कधी येणार हे सगळ्यांना वर्षानुवर्षं आधी माहीत होतं. मग ज्याने २०१५ च्या शेवटी बिटकॉइन दिलं त्याला जुलैच्या आधी दरमहा ०.१ आणि नंतरही ०.१ कुठून येणार? मायनिंगमधून ठरलेलं उत्पन्न देता येतच नाही. नव्या लोकांकडून घेऊनच ते देता येतं.

दुसरा हिशोब सगळ्यांसाठी. रोज १ टक्का म्हटलं की लहान वाटतं. चक्रवाढीने १ लाखाचे वर्षभरात जवळजवळ ३८ लाख होतात. सुरतच्या सतीश कुंभाणीचं बिटकनेक्ट नेमकं हेच दाखवत होतं, रोज सरासरी १ टक्का, "ट्रेडिंग बॉट"च्या, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रामच्या जोरावर. जानेवारी २०१८ मध्ये ते बंद पडलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने तो घोटाळा २.४ अब्ज डॉलरचा असल्याचं सांगितलंय. असा बॉट खरंच कोणाकडे असता तर त्याला आपले पन्नास हजार लागले नसते.

आणि वनकॉइन, अशीच आणखी एक स्कीम. ते दाखवत असलेलं "नाणं" कुठल्याही ब्लॉकचेनवर नव्हतं, कंपनीच्या संगणकावर आकडे बदलत होते. नवी मुंबईत एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या सेमिनारमधूनच १८ जणांना अटक झाली होती. मुख्य बाई रुजा इग्नातोवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसली आणि गायब झाली. तिचा भागीदार ग्रीनवुड याला २०२३ मध्ये अमेरिकेत २० वर्षांची शिक्षा झाली.

साधी_वाचक

वाचनखूण साठवली. आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत आपल्या लोकांमध्येही हे खूप आहे, फक्त सुरुवात वेगळी होते. "हाय प्रिया, उद्या डेंटिस्टची वेळ बदलायची का?" असा चुकून आल्यासारखा मेसेज येतो. तुम्ही सभ्यपणे "राँग नंबर" म्हणता. समोरची व्यक्ती माफी मागते, छान बोलते, मग रोज बोलते. आठवडे जातात, पैशाचा विषयही निघत नाही. मग कधीतरी सहज, "काकांनी शिकवलेलं थोडं क्रिप्टो ट्रेडिंग करते, त्यातून आईचं ऑपरेशन केलं." तुम्हीच विचारता, कसं करतेस?

आमच्या मंडळातले एक गृहस्थ, पत्नी गेल्यानंतर एकटे. त्यांना अशीच मैत्रीण भेटली. सकाळी चहा घेतलात का, औषध घेतलंत का, हे ती विचारायची. मुलाने पुरावे समोर ठेवले तेव्हा ते म्हणाले, पैशाचं काय ते बघू, पण ती खोटी नाही. ते काही भोळे नव्हते, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. म्हणून विनंती आहे, अशा माणसाला "इतकं कसं कळलं नाही" असं चुकूनही विचारू नका. तो तुमच्यापासून लपवायला लागेल आणि पुढचे पैसे गुपचूप पाठवेल.

एफबीआयच्या २०२४ च्या अहवालात क्रिप्टो गुंतवणुकीतल्या फसवणुकीचं नुकसान ५.८ अब्ज डॉलर दिलंय. आणि ते फक्त तक्रार केलेल्यांचं.

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. इथे सहसा फक्त वाचतो, आज लिहायची वेळ आली. माझ्या दाजींनी एका ॲपवर पैसे टाकलेत. आधी व्हॉट्सॲप ग्रुप होता शेअरच्या टिप्सचा, मग तिथल्या "सरांनी" क्रिप्टोच्या ॲपवर नेलं. ॲप प्ले स्टोअरवर नाही, लिंकवरून घेतलेलं. आता त्यात ६८ लाख दिसतात. ताईच्या मुलीच्या लग्नासाठी काढायला गेले तर कंपनी म्हणते, भारत सरकारचा ३० टक्के कर आधी भरा, मग पूर्ण रक्कम सोडू. दाजी म्हणतात, कर तर खरंच ३० टक्के आहे, मी पेपरात वाचलंय. उद्या सकाळी सोसायटीचं कर्ज काढून भरणार आहेत. मला पटत नाहीये, पण समजावून कसं सांगू? घाईत आहे, कोणी तरी सांगा.

ॲड_शर्वरी

कृष्णाकाठ, उद्या एक रुपयाही जाऊ देऊ नका. दाजींना हे असंच वाचून दाखवा.

क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, हे खरं. एप्रिल २०२२ पासून तो लागू आहे. पण तो तुम्ही तुमच्या विवरणपत्रातून, तुमच्या पॅनवर, आयकर खात्याच्या पोर्टलवरून भरता. कुठल्याही ॲपला, एक्स्चेंजला (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीला) किंवा "सरांना" तो गोळा करायचा अधिकार नाही. व्यवहार होताना जो १ टक्का टीडीएस आहे तो विक्रीच्या रकमेतून कापला जातो, वरून मागितला जात नाही. दाजींना एकच प्रश्न विचारा. त्या ॲपकडे तुमचे ६८ लाख असतील तर कर त्यातूनच कापून उरलेले का देत नाहीत? या प्रश्नाला ते लोक "नियमात बसत नाही", "सिस्टीम लॉक आहे" असलं काहीतरी सांगतील. मग पुढे "मनी लाँडरिंग क्लिअरन्स", मग "उशिरा भरल्याचा दंड". भरत राहाल तोवर नवीन नाव निघत राहील.

आता काम.

समोरच्याला कळू देऊ नका की तुम्हाला समजलंय. "कर्जाची फाइल अडकलीय, दोन दिवस लागतील" सांगा. त्यांना संशय आला की ग्रुप उडवतील, चॅट पुसतील. तेवढ्या वेळात सगळं चॅट, ॲपमधला प्रत्येक स्क्रीन, ग्रुपमधले नंबर, ज्या ज्या खात्यांत पैसे गेले त्यांचे तपशील, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. ॲप काढून टाकू नका.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. लागला नाही तर लावत राहा, आणि त्याच वेळी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरा. शेवटचे पैसे कधी गेले ते लिहा. काही तासांत तक्रार झाली तर वाटेतल्या खात्यांत रक्कम अडवता येते, पाच दिवसांनी बहुतेक ती पुढे निघून गेलेली असते. मग सांगली जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात छापील प्रती घेऊन जा.

मंजिरी_नाशिक

शर्वरीताईंच्या पुढे जोडते. दाजींच्या बँकेत आजच जा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा ओळखक्रमांक, लागेल, तो स्टेटमेंटमध्ये असतो, सापडला नाही तर काउंटरवर मागा. १९३० वर बोलताना तारीख, रक्कम, यूटीआर, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात, हे एका कागदावर लिहून समोर ठेवा. फोनवर शोधत बसलं की घाबरलेला माणूस चुकीचा आकडा सांगतो आणि चुकीच्या आकड्यावर काहीच अडवता येत नाही. तक्रार नोंदली की पोर्टलवरून संबंधित बँकांना जाते आणि त्या खात्यात जेवढी रक्कम उरली असेल त्यावर लिन लागतं, म्हणजे ती काढता येत नाही.

शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून निघून येऊ नका.

ब्लॉकवाला

दोन तांत्रिक गोष्टी. दाजींनी कधी स्वतः यूएसडीटी विकत घेऊन पाठवलं असेल तर त्या वॉलेटचा (क्रिप्टोच्या खात्याचा) पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (ओळखक्रमांक) जपून ठेवा. ट्रॉन या ब्लॉकचेनवरचे पत्ते टी अक्षराने सुरू होतात. ते ब्लॉकचेनवर कायम राहतं, कोणी पुसू शकत नाही, आणि तपास यंत्रणेने मागणी केली तर यूएसडीटी काढणारी कंपनी तो पत्ता गोठवू शकते. बिटकॉइनच्या बाबतीत तसं कोणी गोठवणारं नाही.

दुसरं, त्यांनी "मदतीसाठी" स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावलंय का बघा. असेल तर इंटरनेट बंद करून ते काढा, आणि नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. बारा किंवा चोवीस शब्दांची सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची किल्ली, कोणाला दिली असेल तर ते वॉलेट गेलं असंच समजा. पासवर्ड बदलून ते वाचत नाही.

तेजस_ठाणे

मी बरीच वर्षं बिटकॉइन घेतो, थोडं थोडं. धाग्याशी सहमत आहे, पण सरसकट "क्रिप्टो म्हणजे फसवणूक" असा सूर लागू नये. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रिझर्व्ह बँकेचं बंदीचं परिपत्रक रद्द केलं. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना एफआययूकडे (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या ठिकाणी केवायसी होते, पैसे तुमच्याच नावाच्या खात्यातून जातात आणि तिथेच परत येतात. वर ज्या लुटी लिहिल्यात त्यांत क्रिप्टो हे फक्त नाव आहे.

ॲड_शर्वरी

तेजस, कायदेशीर बाजू बरोबर मांडलीत. फक्त वाचणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. एफआययूची नोंदणी ही मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालची आहे. तुमचा पैसा सुरक्षित आहे याची ती हमी नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं, तेव्हा ग्राहकांना वर्षाहून जास्त काळ आपलेच पैसे काढता आले नाहीत. ती गुंतवणुकीच्या आमिषाची फसवणूक नव्हती, तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने पैसा अडकलाच.

तेजस_ठाणे

मान्य. म्हणून मी बुडाले तरी घर चालेल एवढेच ठेवतो. आणि कोणा अनोळख्याशी थेट यूएसडीटीची खरेदी-विक्री करणं पूर्ण थांबवलंय. माझ्या मित्राने असं विकलं, खात्यात आलेले पैसे कोणा फसलेल्या माणसाचे निघाले, आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी मित्राचंच खातं गोठवलं. पगार त्याच खात्यात. सोडवायला महिने गेले.

देवगडकर

आमच्याकडे कोकणात याची दुसरी बाजू पोचली आहे. "थायलंडला डेटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट, पगार ८० हजार" अशा जाहिराती पोरांच्या फोनवर फिरतात. बँकॉकला उतरवतात, गाडीत घालून सीमेपार म्यानमारमध्ये म्यावाडीला नेतात, पासपोर्ट काढून घेतात. मग तिथे बसून याच राँग नंबरच्या गप्पा मारायच्या. टार्गेट झालं नाही की मार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये म्हटलं होतं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा कामाला जुंपलेले असू शकतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत पाचशेच्या वर भारतीय मुलं-मुली परत आणली.

एडिसनकरांनी लिहिलेली ती प्रेमळ मैत्रीण म्हणजे कदाचित कुठल्या तरी कुंपणाआड बसवलेला आपलाच एखादा मुलगा असेल. हे कळल्यापासून मला दोन्हीकडच्यांचं वाईट वाटतं. परदेशी नोकरी कोणी सांगत असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो एजंट नोंदलेला आहे का, ते आधी बघा.

एडिसनकर

खरंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे ब्रुकलिनच्या कोर्टात कंबोडियातल्या प्रिन्स ग्रुपच्या चेन झी याच्यावर याच आरोपाचा खटला जाहीर झाला. १,२७,२७१ बिटकॉइन सरकारने ताब्यात घेतली, तेव्हाची किंमत सुमारे १५ अब्ज डॉलर. दाजींच्या ग्रुपमधले "सर" या साखळीच्या अगदी खालच्या टोकाला असतात.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री ताईकडे गेलो. दाजी आधी चिडले, "तुम्हाला माझी प्रगती बघवत नाही" इथपर्यंत बोलले. मी काही बोललो नाही, शर्वरीताईंचा प्रश्न त्यांनाच ग्रुपच्या सरांना टाकायला लावला की कर माझ्या शिलकीतून कापून घ्या. अर्ध्या तासात तिघांनी फोन केले. आधी गोड, मग "आयकरची धाड पडेल, घर जप्त होईल". तिसऱ्याने ताईचं नाव घेऊन सांगितलं की बायकोला मध्ये आणू नका. ते ऐकून दाजी गप्प झाले आणि स्वतःच १९३० लावला.

एकूण ११ लाख ४० हजार गेलेत. शेवटचा हप्ता परवाचा होता. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. आज बँकेतून कळलं, शेवटच्या हप्त्यातले १ लाख ८५ हजार एका खात्यात अडवलेत. बाकीचं पुढे गेलंय.

आणि आणखी एक. आत्ताच मला इथे व्यक्तिगत निरोप (व्यनि) आला आहे. "आम्ही एथिकल हॅकर आहोत, तुमची पूर्ण रक्कम ७२ तासांत परत मिळवून देतो, फक्त १५ हजार नोंदणी फी." हे खरं असू शकतं का?

ॲड_शर्वरी

नाही. हीसुद्धा फसवणूकच, त्याच माणसावर दुसऱ्यांदा. गेलेले पैसे परत आणायला आधी फी मागणारा कोणीही असो, हॅकर असो, "सायबर सेलचा अधिकारी" असो की "कोर्टाचा एजंट", त्याला पैसे देऊ नका. पोलीस तक्रारीची फी घेत नाहीत. दाजींचा नंबर आता विकला जाईल, त्यांनाही असे फोन येतील. आजच सांगून ठेवा.

संपादक_मंडळ

कृष्णाकाठ यांना व्यनि पाठवणारा सदस्य काढून टाकला आहे. त्याने आणखी कोणाला निरोप पाठवला असल्यास उत्तर न देता आम्हाला कळवावे.

साधी_वाचक

आईबाबांना वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, एका मोठ्या उद्योगपतींचा व्हिडिओ आलाय, ते स्वतः सांगताहेत की २१ हजार गुंतवा, त्यांचा आवाज, त्यांचा चेहरा, मग ते कसं खोटं?

ब्लॉकवाला

चेहरा आणि आवाज आता सहज बनवता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींना जाहीरपणे सांगावं लागलं की ट्रेडिंग ॲपची शिफारस करणारे त्यांचे व्हिडिओ बनावट आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच खुलासा केला की गव्हर्नरांच्या नावाने फिरणारे गुंतवणुकीचे व्हिडिओ खोटे आहेत आणि बँकेचा कुठलाही अधिकारी असा सल्ला देत नाही. ओठांची हालचाल वगैरे तपासत बसू नका, आता त्यावरून कळत नाही. बाबांना व्हिडिओखालच्या लिंकवर न जाऊ देणं महत्त्वाचं. तिथे नाव-नंबर भरला की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात.

मंजिरी_नाशिक

कॉलेजात मुलं असलेल्या सगळ्यांना माझ्याकडून एक. "तुझं खातं आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला दे, १० हजार देतो" असं सांगणारे मुलांना भेटतात. पोरांना वाटतं खात्यात पैसेच नाहीत, तर जाणार काय? त्या खात्यातून कोणाच्या तरी आयुष्यभराची कमाई पुढे जाते आणि पोलीस आधी त्या मुलाच्या दारात येतात, कारण कागदावर नाव त्याचं. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, चेकबुक भाड्याने द्यायचं नाही, हे घरी बसवून स्पष्ट सांगा. दाजींचे ११ लाख अशाच चार-पाच मुलांच्या खात्यांतून गेले असणार.

कृष्णाकाठ

शर्वरीताई, अडवलेले १ लाख ८५ हजार आपोआप परत येतात का? पोलीस ठाण्यात म्हणाले की कोर्टातून आदेश आणावा लागेल.

ॲड_शर्वरी

बरोबर सांगितलं त्यांनी. आपोआप येत नाहीत. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रक्कम परत मिळण्याचा अर्ज करायचा. सोबत पोर्टलवरच्या तक्रारीची प्रत, गुन्हा नोंदला असेल तर एफआयआर, दाजींच्या खात्याचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आणि ज्या बँकेत रक्कम अडवली आहे तिचं नाव-खातं. कोर्ट पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, म्हणून तपास अधिकाऱ्यांना आधी भेटून अर्जाची कल्पना द्या, म्हणजे तारखा वाया जात नाहीत. त्याच खात्यात आणखी कोणा फसलेल्याचे पैसे आले असतील तर ते कोणाचे किती हे दाखवावं लागतं, तिथे यूटीआर उपयोगी पडतो. लोकअदालतीतही अशी प्रकरणं घेतात, पुढची तारीख कधी आहे ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथे उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर वकीलही मोफत मिळतो.

अर्ज देण्याआधी तक्रारीतल्या रकमा आणि स्टेटमेंटमधल्या रकमा एकेक करून जुळवून घ्या. घाईत केलेल्या तक्रारीत एखादा हप्ता हमखास सुटतो. सुटला असेल तर त्याच क्रमांकावर पुरवणी माहिती द्या.